आड, नळ आणि बोअर : पाणी पारखण्याची गोष्ट

पंचवीस वर्षांत आपल्या वार्षिक सभेत लिफ्टवरून, पार्किंगवरून, मेंटेनन्सच्या थकबाकीवरून वाद झाले आणि मिटलेही. पाण्याचा वाद मात्र कधी मिटला नाही, दर वेळी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला गेला. या वर्षी तर बोअरची लाइन थेट पिण्याच्या संपात जोडून टाकावी असा ठरावच सभेपुढे येणार आहे. त्यामुळे संपादक मंडळाने "मॅडम, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा" म्हटल्यावर गड्ड्याच्या जत्रेच्या आठवणी बाजूला ठेवून मी पाण्यावर लिहायचे ठरवले. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, तेव्हा कुठे मास्तरकीचा सूर लागला तर सांभाळून घ्यावे.

सोलापूरचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही बराचसा परतीचा, सप्टेंबरात येणारा. एवढ्या पावसावर वस्ती वाढवायची तर पाणी अडवून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, हे इथल्या माणसाला फार पूर्वी कळले होते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचे नाव आपण घेतो ते देवळामुळे, पण त्यांच्या कार्यात तलाव खोदणे हे काम देवळाइतकेच मोठे मानले गेले आहे. शहरातले सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव आजही आपण फिरायला जातो तेव्हा दिसतात. तलाव भरला की त्याचे पाणी झिरपून आसपासच्या आडांना लागायचे. जुन्या पेठांतल्या वाड्यांमधून आड होते, अजूनही काही ठिकाणी कचऱ्याने भरलेले किंवा फरशी टाकून झाकलेले सापडतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण ज्यांनी पोहरा कधी पाहिला नाही तीही मुले आज वापरतात.

पण प्रत्येक आडाचे पाणी एकसारखे नसे, आणि आपल्या विषयाची खरी सुरुवात तिथूनच होते. एकाच गल्लीत एक आड गोड्या पाण्याचा, दुसरा मचूळ. गोड्या आडावर पिण्याच्या घागरी, मचूळ आडावर भांडी, धुणे आणि जनावरे. सोलापूर तीन-चार भाषांचे गाव. कानडी माणूस खाऱ्या पाण्याला "उप्पु नीरू" म्हणतो, तेलुगू माणूस "उप्पु नीळ्ळु" म्हणतो. मराठी बाई "मचूळ" म्हणून नाक मुरडते. तिघांचे घर एकाच वाड्यात असले तरी कोणत्या आडावर कोणते काम करायचे याबद्दल तिघांचे एकमत असायचे. पाणी चांगले की वाईट असा सरसकट निकाल ते देत नसत. कशासाठी चांगले, हा प्रश्न आधी.

त्यांची परीक्षा काय होती? जीभ, डाळ आणि साबण. जिभेला खारट लागले तर पिण्यातून बाद. तुरीची डाळ तासभर शिजवूनही दाण्यासारखी राहिली तर पाणी "जड". धुताना साबणाचा फेस न येता पांढरी चिकट घाण पाण्यावर तरंगली, तरीही जड. आपल्या बी विंगमधल्या आजी अजून म्हणतात, "बोअरच्या पाण्यात वरण लावलं की कुकरला चार शिट्ट्या जास्त." त्यात शास्त्र आहे. पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना चिकटवून धरणाऱ्या पेक्टिनशी बांधले जाते आणि दाणा मऊ व्हायचे नाकारतो. साबणाचेही तसेच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी साबण खाऊन टाकतात, उरला तर फेस.

गंमत अशी की स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क याने १८४० च्या दशकात पाण्याचा कठीणपणा मोजायची जी पद्धत बसवली ती हीच होती. साबणाचे द्रावण थेंबथेंब टाकायचे, बाटली हलवायची, टिकणारा फेस यायला किती साबण लागला ते मोजायचे. आमच्या प्रयोगशाळेत नंतर ईडीटीएचे टायट्रेशन आले, त्यात लालसर जांभळा रंग एका थेंबात निळा होतो आणि विद्यार्थी हमखास दोन थेंब जास्त घालतात. पण मोजायची गोष्ट तीच, जी साखर पेठेतल्या बायका दगडावर धुणे आपटताना मोजत होत्या. त्यांच्याकडे आकडा नव्हता एवढेच.

या परीक्षेत मोठी उणीव मात्र होती. जिभेला, डाळीला आणि साबणाला रोगजंतू कळत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी येत, आणि आपल्या जिल्ह्यात पंढरपूरची यात्रा असल्यामुळे इंग्रज सरकारच्या आरोग्य खात्याचा डोळा कायम इकडे असे. पाण्यातून पटकी पसरते हे लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाची दांडी काढायला लावून दाखवले, हे अनेकांनी वाचले असेल. त्यातला एक तपशील मी वर्गात नेहमी सांगत असे. त्या मोहल्ल्यातून दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेल्या एका बाईला त्याच पंपाचे पाणी चवीला आवडायचे, म्हणून ती रोज गाडीतून ते मागवून घ्यायची. ती त्याच पाण्याने गेली. पाणी स्वच्छ दिसत होते आणि चवीला उत्तमच होते. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचा जंतू सापडला, तेव्हा कुठे "स्वच्छ दिसणारे" आणि "सुरक्षित" हे दोन शब्द वेगळे झाले.

सोलापूरला नळाचे पाणी आले ते याच काळात, एकरुख तलावातून. तुळजापूर रस्त्यावरचा हा तलाव आपण हिप्परग्याचा तलाव म्हणून ओळखतो. आदिला नदीवर बांध घालून तो १८७१ मध्ये पुरा झाला, मुख्यतः शेतीसाठी. गिरण्यांनाही पाणी हवे होते. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि तिच्यामागून इतर गिरण्या आल्या. बॉयलरला जड पाणी चालत नाही, आत चुन्यासारखा थर बसतो आणि कोळसा जास्त जळतो. रंगाऱ्यांचे तर विचारूच नका, जड पाण्यात रंग डाग धरतो. आपल्या चादरीचे नाव झाले त्यामागे पाणी निवडून वापरणाऱ्या रंगाऱ्यांचे कसब आहे, पण त्याचा उल्लेख कुणी करत नाही. असो.

पुढचा टप्पा भीमेचा. नदीकाठच्या टाकळीहून पाणी सोरेगावला येऊ लागले, मग १९८० मध्ये उजनी धरण झाले, आणि नंतर तिथून थेट जलवाहिनीने पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत. भवानी पेठेच्या केंद्रात हिप्परग्याचे पाणी, सोरेगावला भीमेचे, पाकणीला उजनीचे. तीन वाटा असूनही नळ रोज येत नाही, हे मी सांगायला नको. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणून "उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य आपल्याकडे बातमीपेक्षा हवामानासारखे बोलले जाते. आणि नळ चार-पाच दिवसांनी येणार म्हटल्यावर प्रत्येक सोसायटीची नजर आपोआप जमिनीखाली जाते.

बोअरची गोष्ट १९७२ च्या दुष्काळापासून सांगावी लागते. ज्यांनी तो पाहिला ते सुकडी, खडी फोडण्याची कामे आणि रेशनच्या रांगा आठवतात. पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि आपल्या काळ्या पाषाणात हाताने आणखी खोल जाणे अशक्य होते. युनिसेफच्या मदतीने हवेच्या दाबावर चालणारे, खडकाला आतून ठोकत जाणारे रिग महाराष्ट्रात आले. हाताने विहीर खणायला महिने लागायचे, तिथे एक-दोन दिवसांत बोअर होऊ लागला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच काळात उभी राहिली.

बोअर झाले, पण त्यावर बसवायचे पंप टिकेनात. बाजारात होते ते बिडाचे, परदेशातल्या एका शेतकरी कुटुंबाला दिवसातून चार बादल्या काढायला केलेल्या पंपांच्या नकला. आपल्या गावात एका पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग. महिनाभरात दांडी मोडायची. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा देशातल्या अशा चार पंपांतले जवळजवळ तीन बंद सापडले.

याच्यावर उपाय निघाला तो आपल्या गावातून. जालन्याच्या मिशनच्या लोकांनी पोलादी पत्र्याचा भक्कम पंप आधी केला होता. त्यावरून सुधारणा करत सोलापूरला, विहिरी खोदून देणाऱ्या शोलापूर वेल सर्व्हिसमध्ये जो पंप घडला तो "सोलापूर पंप" म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याची रचना शाळा-कॉलेजातून नव्हे, काम करता करता शिकलेल्या एका भारतीय कारागिराची होती, असे युनिसेफच्या इतिहासात सांगितले जाते. त्या काळात देशात सर्वांत टिकाऊ तोच होता. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी तो पायाभूत धरून सुधारणा केल्या, कोइमतूरकडे चाचण्या घेतल्या आणि १९७७ च्या सुमारास मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीत उत्पादन सुरू झाले. त्याचे नाव "इंडिया मार्क टू". गावोगावचा हापसा तो हाच. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो गेला. आपल्या मुलांना सोलापूरची ओळख चादर, शेंगाचटणी आणि हुतात्म्यांमुळे आहे; त्यात हापशाची भर घालायला माझी काही हरकत नाही.

या हापशाने पाण्याच्या गुणवत्तेत काय फरक पडला, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण तिथेच आजच्या आपल्या ठरावाचे मूळ आहे. पूर्वी पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत. नारू झालेल्या माणसाच्या पायातून अळ्या पाण्यात जायच्या, पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांत वाढायच्या आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांब दोरा बाहेर यायचा. जुन्या माणसांना काडीवर तो दोरा गुंडाळत काढायची पद्धत आठवत असेल. बंद तोंडाचा बोअर आणि त्यावर हापसा, भोवती सिमेंटचा ओटा, एवढ्याने ही साखळी तुटायला फार मोठी मदत झाली. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बोअरचे पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा विश्वास त्या पिढीने स्वतः अनुभवून मिळवलेला आहे. आपल्या सभेत ज्येष्ठ मंडळी "बोअरला काय होतंय, आम्ही हापशाचंच पिऊन वाढलो" म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. फक्त तो हापसा गावाबाहेरच्या माळावर होता, आणि आपला बोअर चारी बाजूंनी घरे झालेल्या प्लॉटवर आहे.

आता जमिनीखाली जाऊ. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, एकावर एक. वर काळी माती, मग मुरूम, मग कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, कुठे अखंड काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखा तांबडा पट्टा. पाषाणात पाणी नसते. पाणी असते ते त्याच्या भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत. बोअर मारताना आधी राखाडी पूड उडते, मग तांबडी, आणि भेग लागली की चिखलाचा फवारा. आपल्या वेळी दोनशे फुटांच्या पुढे पाणी लागले तेव्हा प्लॉटवर नारळ फोडला होता, त्याचा फोटो स्मरणिकेत इतरत्र असेलच.

पाऊस मातीतून उतरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्लासारखा होतो आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू विरघळवत जातो. जितका काळ पाणी खडकात राहील तितका कठीणपणा वाढणार. म्हणून आपल्याकडचे भूजल जड असते. यात कुणाचा दोष नाही आणि हा रोगही नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. पण हा आकडा प्रामुख्याने भांडी, पाइप आणि साबण यांच्यासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही. गिझरची कॉइल जाते, नळाच्या तोंडाला पांढरे थर येतात, केस राठ होतात, हे सगळे खरे. त्रास खर्चाचा आहे.

आपल्या बोअरचा पहिला अहवाल बांधकामाच्या वेळचा आहे. सोसायटीच्या जुन्या फायलीत तो अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. इमारतीच्या पाण्याची तपासणी पिण्यासाठी नव्हे, काँक्रीटसाठी झाली होती. इथे एक गोष्ट मला नेहमी मजेशीर वाटते. त्याच सुमारास, २००० साली सुधारून आलेल्या आयएस ४५६ मध्ये सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या पुढे चालत नाही. पिण्याच्या पाण्यात मात्र, दुसरा स्रोत नसेल तर, १००० पर्यंत चालते. म्हणजे माणसाला चालेल ते पाणी सळईला चालेलच असे नाही. मिठाने सळई गंजते. आपल्या मूत्रपिंडाला ते मीठ बाहेर टाकता येते, बिचाऱ्या स्लॅबला नाही. आड निवडणाऱ्या बायकांचा प्रश्न इथेही पुन्हा आला, कशासाठी चांगले?

त्या पहिल्या अहवालात कठीणपणा वरच्या मर्यादेच्याही पुढे होता, म्हणून आपल्या पहिल्या कमिटीने दोन लाइन टाकल्या. स्वयंपाकघरात महापालिकेच्या पाण्याचा नळ, बाथरूम-संडासला बोअर. त्या वेळी प्लंबिंगचा खर्च वाढला म्हणून बरीच कुरकुर झाली होती. माझ्या मते सोसायटीने पंचवीस वर्षांत घेतलेल्या निर्णयांत सर्वांत शहाणा निर्णय तोच. त्या अहवालात नायट्रेटचा रकाना मात्र रिकामा आहे, काँक्रीटला नायट्रेटचे काही पडलेले नसते.

तो रकाना भरला २०१६ च्या उन्हाळ्यात. उजनी मायनसमध्ये, टँकरचे भाव रोज वाढते, आणि आलेल्या टँकरचे पाणी कधी हिरवट, कधी गढूळ. काही घरांनी स्वयंपाकालाही बोअरचे पाणी घ्यायला सुरुवात केली. सी विंगमध्ये एका घरी लेक बाळंतपणाला आली होती, दीड-दोन महिन्यांचे बाळ, वरचे दूध चालू. मुलगी शिकलेली, काळजी घेणारी. बोअरचे पाणी वीस-वीस मिनिटे उकळून ती दुधाची पावडर कालवत असे. "काकू, जंतू मरतात ना एवढ्यानं?" असे तिने जिन्यात विचारले. जंतू मरतात. म्हणूनच मी त्याच दिवशी बाटली भरून तपासणीला दिली, आणि तोवर बाळासाठी महापालिकेचे साठवलेले पाणी वापरा म्हणून सांगितले.

कारण असे. नायट्रेट हे मैलापाणी, शोषखड्डे, गोठे आणि खते यांतून जमिनीत उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डाळ नेहमीसारखी शिजते, साबण नेहमीसारखा फेसाळतो. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेली, निळी पडलेली तान्ही बाळे पाहिली आणि त्याचा संबंध नायट्रेटशी लावला. अगदी लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. आपल्या मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि तिला सवलत नाही. कठीणपणासारखी "दुसरे नसेल तर चालवा" ही सोय तिथे ठेवलेलीच नाही. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी वाफ होऊन जाते, नायट्रेट मागे राहते, म्हणजे जितके उकळाल तितके घट्ट. त्या मुलीची काळजीच उलटी पडत होती.

अहवाल आला, नायट्रेट ४५ च्या वर. बाळ ठणठणीत राहिले, आता शाळेत जाते. पण त्या दिवसापासून मी बोअरच्या फायलीची मालकीण झाले.

नायट्रेट आले कुठून, याचे उत्तर आपल्याच भागाच्या वाढीत आहे. जुळे सोलापूर आणि विजापूर रोडचा हा पट्टा भराभर वाढला, घरे आधी झाली आणि ड्रेनेजची लाइन मागून आली. मधल्या वर्षांत प्रत्येक प्लॉटवर शोषखड्डा. पाण्याच्या स्रोतापासून पन्नास फूट लांब खड्डा असला की पुरे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, पण तो मातीतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी. भेगांच्या पाषाणात पाणी गाळले न जाता नळीतून यावे तसे येते. शिवाय आपल्या बोअरचे केसिंग वरच्या मुरमापुरतेच आहे आणि तोंडाभोवतीचा ओटा फुटलेला आहे. दोन-तीन पावसाळ्यांत गाड्या धुतल्याचे पाणी तिथेच मुरताना मी पाहिले आहे. ड्रेनेज आल्यानंतर नायट्रेट उतरले, पण मर्यादेच्या आसपास रेंगाळते आहे. उन्हाळ्याच्या नमुन्यात जास्त, पावसाळ्यानंतर कमी, कधी याच्या उलटही. पहिल्या जोराच्या पावसाने वरची घाण खाली नेली की आकडा चढतो. म्हणून एकच अहवाल घेऊन "आपलं पाणी चांगलं" असे म्हणता येत नाही.

इथे टीडीएस मीटरबद्दल बोलायलाच हवे. आता तो पेनासारखा मीटर प्रत्येक घरात आहे आणि त्यावरचा आकडा बघून लोक पाण्याची जात ठरवतात. तो मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. गटाराचे दोन थेंब पडले तरी तो आकडा हलणार नाही. नायट्रेट वेगळे काढून तो दाखवत नाही. जंतू त्याला दिसतच नाहीत.

दोन वर्षांपूर्वी फिल्टर विकायला आलेल्या एका मुलाने खाली पार्किंगमध्ये प्रयोग करून दाखवला तो बऱ्याच जणांनी पाहिला. दोन ग्लास, त्यात विजेच्या कांड्या. बोअरचे पाणी मिनिटभरात तपकिरी-हिरवे, गाळाने भरलेले. त्याच्या मशीनचे पाणी जसेच्या तसे. बायका घाबरल्या. तो गाळ पाण्यातला नव्हता, कांडीच्या लोखंडाचा होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून बाहेर पडते. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज वाहतच नाही, म्हणून काही होत नाही. त्या ग्लासात उत्तम मिनरल वॉटर ठेवले असते तरी तेही तपकिरी झाले असते. हा प्रयोग मी अकरावीला विद्युत अपघटन शिकवताना करत असे, फरक इतकाच की मी त्यानंतर काही विकत नव्हते.

आरओ नकोच असे माझे म्हणणे नाही. नायट्रेट आणि जास्तीचे क्षार काढायला घरगुती उपायांत तोच त्यातल्या त्यात चालतो. पण तो जेवढे पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो, आणि टंचाईच्या गावात ते डोळ्यांना बघवत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या पाण्याला आरओ लावू नये, असा निर्देश दिला तो यासाठीच. महापालिकेच्या पाण्यावर आरओ लावून बसलेल्या घरांनी आधी आपला नळ एकदा तपासून घ्यावा. आणि ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी सोडलेले पाणी बादलीत धरावे, फरशीला चालते.

जंतूंसाठी मात्र सोपी आणि स्वस्त बाटली मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पद्धत तयार झाली. बाटलीत औषधाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचे, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. काळे झाले तर पाण्यात मैल्याचा अंश आहे असे धरून चालायचे. ग्रामपंचायतींकडे ती असते. आपल्या टाकीची दर महिन्याला अशी परीक्षा घ्यायला वॉचमनसुद्धा शिकेल.

आता ठरावाबद्दल. बोअर संपात जोडला की दोन्ही पाणी मिसळून "मध्यम" होईल, असा ठराव मांडणाऱ्यांचा हिशोब आहे. कठीणपणाच्या बाबतीत तो बरोबर आहे. पण महापालिकेचे पाणी येते ते क्लोरीन घेऊन, आणि नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असा नियम आहे, टाकीत नंतर काही पडले तर ते मारायला. चार दिवस साठवलेल्या पाण्यात ते आधीच संपत आलेले असते. त्यात बोअरचे पाणी घातले की उरलेसुरलेही जाणार, आणि नायट्रेट मात्र प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात पोचणार. पूर्वी ज्या घरात तान्हे बाळ असेल तिथे आपण एक निरोप देऊ शकत होतो. लाइन एक झाली की निरोप देऊन उपयोग नाही. सध्या चार घरांत नवी बाळे आहेत किंवा येणार आहेत, हे मी डोहाळजेवणाच्या आमंत्रणांवरून सांगते.

माझी सूचना कमिटीला लेखी दिली आहे. लाइन दोन आहेत तशाच ठेवाव्यात. पैसे खर्चायचेच तर बोअरचे केसिंग आणि ओटा आधी दुरुस्त करावा. गच्चीचे पाणी जमिनीत सोडायची योजना चांगली आहे, पण ते थेट बोअरच्या नळीत न सोडता वाळू-खडीच्या खड्ड्यातून, आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढून. टँकर घेतलाच तर तो कुठल्या विहिरीवरून भरला ते लिहून घ्यावे आणि टाकीत टीसीएल पावडर किती टाकली तेही. वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबर, बोअरचा नमुना भूजल यंत्रणेच्या किंवा जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावावा, फायलीत पुरून ठेवू नये. फी फार नाही, एका टँकरपेक्षा कमीच.

फाइल माझ्याकडून आता ए विंगमधल्या दोन मुलींनी घेतली आहे. एक फार्मसीला आहे, दुसरी बारावीला. दोघींनी जुने सगळे अहवाल एका तक्त्यात मांडून तारखेप्रमाणे आलेख काढला आहे आणि तो सभेत भिंतीवर लावणार आहेत. पुढचा नमुना मेच्या दुसऱ्या आठवड्यात काढायचा आहे. बाटल्या त्या आणतील. आदल्या दिवशी मोटार बंद ठेवू नका, आणि नमुना घेण्याआधी ती दहा मिनिटे चालू असू द्या.